नुसतं पिठलं

लसणाच्या फोडणीचा वास आला की एकाहत्तर सालच्या उन्हाळी सुट्टीतला तो दिवस आठवतो. तिसगावहून एसटीनं आम्ही नगरला फिरायला गेलो होतो. "आज चूल पेटवायची न्हाई," आईनं निघतानाच सांगून टाकलं होतं. मिसळ, जिलेबी, भेळ, उसाचा रस. दिवसभर खात खात कापडबाजार पालथा घातला, धाकटा भाऊ सारा वेळ आईच्या कडेवर. दिवेलागणीला घरी पोचलो, तेव्हा आई उंबऱ्यातच टेकली. टोपी खुंटीला अडकवत वडील म्हणाले, "लई काय नको, नुसतं पिठलं-भाकर टाक." आई उठली आणि काटक्या मोडू लागली. परवा असेच दिवसभर हिंडून, खाऊन आम्ही परतलो. सोफ्यावर आडवा होत मुलगा म्हणाला, "आई, फार काही नको, नुसती खिचडी टाक." खांद्यावरची पर्ससुद्धा न काढता मी कुकर घेतला.