दळवी सरांचे बाण

दळवी सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते उकिडवे बसून दगड घासत होते. उत्तनजवळच्या पाली गावामागचा डोंगर, रविवारची सकाळ, अंगात इस्त्रीचा फुल शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट, आणि हातात तारेचा ब्रश. करपलेलं दुधाचं पातेलं घासावं तशा निष्ठेने हा सत्तरीचा माणूस डोंगराच्या कातळाला भिडला होता.

मी आणि ऑफिसातले दोन मित्र त्या डोंगरावरची विहीर बघायला गेलो होतो. कुणीतरी मोबाईलवर तिचं रील पाठवलं होतं. मी विचारलं, "काका, ती विहीर कुठे आहे?"

त्यांनी मान वर न करता विचारलं, "खाली कुणाला सांगून आलात?"

"कुणाला सांगायचं?"

"पहिलं घर लागलं ना, निळ्या दाराचं? तिथे रोजामावशी असतात. त्यांना सांगायचं, आम्ही तिघं वर जातोय. त्या वाट सांगतील. उतरताना पुन्हा सांगायचं, तिघं खाली आलो."

वीस मिनिटं घाम गाळून आम्ही वर आलो होतो. माझा एक मित्र दुसऱ्याला हळूच म्हणाला, "छोड ना यार, अंकल सटकेले हैं." सरांचे कान तिखट. तेही हिंदीतच म्हणाले, "सटका हुआ तो हूँ, बेटा. लेकिन रास्ता मावशी ही बताएगी."

मित्र चिडून आपले आपण पुढे गेले आणि अर्ध्या तासाने करवंदीच्या जाळीतून हातपाय ओरबाडून घेऊन परत आले. मी मात्र खाली उतरलो. का उतरलो ते मला आजही नीट सांगता येत नाही. विम्याच्या ऑफिसात दिवसभर लोकांचे फॉर्म परत पाठवणारा माणूस मी, मला कुणी परत पाठवलेलं बहुधा आवडलं असावं. निळ्या दारात सुकट निवडत बसलेल्या बाईंना मी सांगितलं, "मावशी, एक वर जातोय." त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "सरांनी धाडला काय? जा. काजूच्या झाडाशी डाव्या अंगाला वल. पान्यात पाय घालू नको."

पुढची पाच वर्षं माझे बहुतेक रविवार त्याच वाटेवर गेले.

दळवी सर कोण आहेत हे मला बऱ्याच उशिरा कळलं. मूळचे रत्नागिरीकडचे. तीस-पस्तीस वर्षं डोंगरातल्या गावांमधून काम केलेला माणूस. आधी सह्याद्रीत, मग हिमालयात. डोंगर राखायचा, तिथे पाहुणे यावेत, पण गावाने गावच राहावं, हे कसं जमवायचं याच्यावर दूरदूरचे लोक त्यांचा सल्ला घ्यायचे. निवृत्त झाल्यावर ते भाईंदरला इंद्रलोक वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर राहायला आले. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगच्या कपड्यांच्या दोऱ्या दिसायच्या. बाल्कनीत मात्र ठिकठिकाणच्या डोंगरांतले दगड मांडलेले होते आणि त्यांच्यावर सरोजकाकू पापड वाळत घालायच्या. "जगभरच्या डोंगरांची काळजी वाहतात," त्या मला म्हणायच्या, "घरातला गिझर दोन महिने बंद पडलाय, त्याची नाही."

त्यांच्याकडे मोठमोठी माणसं यायची. एकदा कुणी साहेब घाटातल्या एका गावाचा आराखडा घेऊन आले होते. त्यात दरी बघायला सज्जा होता, रोपवे होता, शंभर गाड्यांचं पार्किंग होतं. सरांनी चष्मा पुसून तो बराच वेळ पाहिला.

"छान काढलाय. यात पाणी भरायला बाई कुठून जाते?"

साहेबांनी शोधलं. बाईची वाट पार्किंगच्या खाली गेली होती.

"मग गाडी लावायच्या आधी तिला विचारलंत?"

साहेब हसले. सर हसले नाहीत. "आधी पाणी बघायचं, नजारा मग," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पाहुणा कुठल्याही हुद्द्याचा असो, चहाच्या आधी ते ऐकवलं जायचं.

असा माणूस दगड का घासतो, हे विचारायचं मला वर्षभर धाडस झालं नाही. शेवटी त्यांनीच सांगितलं. आम्ही विहिरीच्या वाटेवर शेंगा खात बसलो होतो.

भाईंदरला आल्यावर त्यांना डोंगराशिवाय करमेना. बसने उत्तनच्या बाजूला भटकताना त्यांना पालीचा हा डोंगर सापडला. त्यांनी पाहिलेल्या डोंगरांपुढे एवढासा. पण त्याच्या कुशीत जांभ्या दगडात खोदलेली विहीर, आणि मे महिन्यातही तिला पाणी. नळ आले तरी पालीतल्या बायका पिण्याचं पाणी तिथूनच नेत. सरांनी रोजामावशींच्या अंगणात गावातल्या बायकांना जमवलं. रविवारी बारा पाहुणे, एकही जास्त नाही. मावशींच्या दारात नाव सांगायचं, वर जायचं, विहीर लांबून बघायची, खाली येऊन कोळ्याच्या घरी मच्छी-भात जेवायचं. दोन हंगाम झकास चाललं. मावशींच्या हातचं कालवण खायला लोक बोरिवलीहून यायला लागले.

"आणि मग मी शहाणपणा केला," सर म्हणाले. "पाहुण्यांनी वाट चुकून काजूची रोपं तुडवू नयेत म्हणून मावशींच्या दारापासून विहिरीपर्यंत पांढऱ्या ऑइलपेंटने बाण काढले. बावीस बाण. मावशी म्हणाली होती, कशाला, मी सांगते ना वाट. मी म्हटलं, मावशी, तुमचा त्रास वाचेल."

त्यांनी शेंगांची टरफलं वेचून खिशात टाकली.

"बाण काढले आणि विचारायची गरज संपली. तीस वर्षं जे लोकांना सांगत फिरलो तेच मी इथे विसरलो."

दारात थांबायचं कारण उरलं नाही, तसे बारांचे पन्नास झाले आणि पन्नासांचे किती ते मोजायलाच कुणी राहिलं नाही. बाईकवरून यायचं, बाण बघत वर चढायचं, फोटो, गाणी, विहिरीत साबण लावून आंघोळ. एक दिवस पाणी भरायला पायरीवर उतरलेल्या मावशींच्या तळव्यात फुटलेल्या बाटलीची काच घुसली. तेव्हापासून त्या डाव्या पायाने लंगडतात. बायकांनी त्या विहिरीचं पाणी सोडलं. सरांनी गावासमोर हात जोडून माफी मागितली तेव्हा मावशी एवढंच म्हणाल्या, "त्यातला एक बाण हाय तवर मी त्या पान्याला तोंड लावनार न्हाय." रागाने नाही म्हणाल्या. बाजारात भाव सांगावा तशा म्हणाल्या. म्हणून तर तो शब्द सरांच्या जिवाला लागला.

जांभा दगड सच्छिद्र. ऑइलपेंट त्याच्या पोटात शिरतो. एक बाण काढायला सात-आठ रविवार जायचे. मी एकदा सुचवलं, "सर, वरून दगडी रंग फासू ना. अर्ध्या दिवसात बावीसच्या बावीस जातील."

"झाकायचं नाही. काढायचंय."

"दिसणार तर नाहीत."

"मला दिसतील ना."

मग मी वाद घातला नाही, पूनम सागर वसाहतीतल्या हार्डवेअरवाल्याकडून स्वतःसाठी एक ब्रश घेतला. सर त्याचं जुनं गिऱ्हाईक. "मोटाभाई, जरा मजबूत देना. पिछला वाला टकला हो गया," असं म्हणून ते झिजलेला ब्रश काउंटरवर ठेवायचे, आणि तो गुजराती दुकानदार तो दोन्ही बाजूंनी बघून विचारायचा, "सर, आप बर्तन का धंधा करते हो क्या?"

घासताना सर फार बोलत. हिमालयातल्या एका गावात पाहुणा आला की म्हातारी त्याला स्वतःच्या चुलीशी बसवते आणि मगच शिखराचं नाव सांगते, ते सांगत. मध्येच ब्रश थांबवून समुद्राकडे बघत राहत. एखादा बाण पूर्ण गेला की तळवा फिरवून बघत आणि म्हणत, "चला, एक जण तरी आता विचारेल." आणि खरंच, एकेक बाण पुसत गेलो तशी वाट हरवायला लागली. लोक चुकायचे, वैतागायचे, परत फिरायचे, आणि त्यांतले काही मावशींच्या दारात यायचे. गर्दी ओसरली. बायकांनी विहीर उपसून काच काढली, गाळ काढला. पाणी पुन्हा नितळ झालं. बाकीच्या बायका ते भरायलाही लागल्या. मावशी मात्र नळावर जायच्या, लंगडत.

एकवीस बाण गेले. बाविसावा अगदी विहिरीच्या तोंडाशी होता, सर्वांत मोठा. तो घासायला घेणार त्याच सुमारास सरांना धाप लागू लागली. पावसाळा संपल्यावर जाऊ, असं डॉक्टरांना आणि मला दोघांनाही सांगून ते हॉस्पिटलात दाखल झाले. मी भेटायला गेलो की पहिला प्रश्न, "मावशीने पाणी घेतलं का रे?" मी म्हणायचो, "नाही सर, अजून एक राहिलाय." ते मान हलवायचे. शेवटच्या भेटीत म्हणाले, "माझ्याने आता चढवत नाही. तू काढशील?" मी हो म्हटलं. चौथ्या दिवशी सर गेले.

तेराव्याला सरोजकाकूंनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला त्यांचा ब्रश माझ्या हातात दिला. मी घरी आणून शूजच्या कपाटात ठेवला आणि पुढचे पाच महिने डोंगराकडे फिरकलो नाही. रविवारी सकाळी जाग यायची, बूट घालायला कपाट उघडायचो, ब्रश दिसायचा आणि कपाट बंद करायचो. बायको म्हणाली, "दिलेला शब्द आहे ना?" शब्द आठवत होता. पण आता तो बाण एवढीच त्यांची खूण डोंगरावर राहिली होती, आणि ती मी माझ्या हाताने पुसायची होती. मला सरांची फार आठवण यायची. अजून येते. काहीही कारण नसताना, स्टेशनवरून रिक्षाने येतानासुद्धा येते.

फेब्रुवारीत एकदाचा गेलो. मावशी दारातच होत्या. "मावशी, एक वर जातोय," मी म्हटलं. त्यांनी हातातल्या ब्रशकडे बघितलं आणि नुसतं "जा" म्हणाल्या.

विहिरीपाशी कुणी नव्हतं. बाण होता तसाच, टोक पाण्याकडे. मी घासायला बसलो. टोक जायला मार्च उजाडला, दांडी जायला एप्रिल. शेवटच्या रविवारी दुपार होत आली तेव्हा दगडाच्या कडेला, गवताखाली, आणखी पांढरं दिसलं. गवत बाजूला केलं तर चार बोटं. बाण काढताना तोल सावरायला सरांनी रंगाच्या हाताने कातळ धरला असणार. करंगळीचा ठसा थोडा वाकडा होता. त्यांची करंगळी वाकडीच होती, जुन्या फ्रॅक्चरने.

मी ब्रश त्यावर टेकवला. बराच वेळ तसाच धरून बसलो. मग उचलून पिशवीत टाकला.

खाली आलो. "एक आला," मी सांगितलं.

"पुसला?"

"पुसला."

"सगला?"

हो म्हणायचं मी उतरतानाच ठरवलं होतं. पण सरांच्या डोंगराच्या पायथ्याशी, त्या दारात, ते तोंडातून निघेना. "बोटं राहिलीत, मावशी. सरांची. ती मला घासवली नाहीत. पाणी तुम्ही नका घेऊ, मी पुढच्या रविवारी..."

"ती मी बगितली कवाच," मावशी म्हणाल्या. "ती काय बाण न्हाय."

त्या उठल्या. आत जाऊन घासूनपुसून ठेवलेली कळशी घेऊन आल्या. ती किती वर्षं वापराविना होती कोण जाणे, पण चकचकीत होती. उंबऱ्याशी त्यांनी मला बाजूला सरकायची खूण केली आणि आपल्या जागेवर, सुकटीच्या सुपाशेजारी बसवलं.

"एक वर जाते," त्या म्हणाल्या, आणि लंगडत वाटेला लागल्या.

मी दारात बसून राहिलो. त्या परत येईपर्यंत तिथून उठता येणार नव्हतं.