नवरीच्या गाडीतली बिनदारूची बिअर

सौंसर-पांढुर्ण्याकडे लग्न जुळलं की आधी सभागृह ठरतं, मग आचारी, मग बँड. मोरेश्वर गायधने सरांच्या घरी मात्र सगळ्यात आधी ड्रायव्हर ठरला. सायलीच्या लग्नाचे दोन मुहूर्त सरांनी काढून आणले, तेव्हा त्यांच्या पत्नी स्मिताबाई म्हणाल्या, "कवडूभाऊ कोन्या दिवशी मोकळे हायेत, ते इचारा पहिले. माह्या पोरीची गाडी तेच नेतीन." सरांनी कपाळाला हात लावला, पण फोनही लावला. ड्रायव्हरच्या सोयीनं मुहूर्त धरणारं तालुक्यातलं हे पहिलंच लग्न असावं. कवडू खोडेनं ही गोष्ट आपल्या गावी, लोधीखेड्यात, कुणाकुणाला सांगितली ते विचारू नका. कुणाला सांगायची राहिली, तेवढंच विचारा.

आणि का सांगू नये? लग्नसराईत ड्रायव्हर लोकांची पंगत वेगळी असते. ती सभागृहाच्या मागे, पाण्याच्या टँकरच्या आडोशाला बसते, आणि तिथं वाढायला पोरीच्या मामापासून बँडवाल्यापर्यंत कुणीही येतं. जेवणाला कुणी हात लावत नाही, बाटल्या तेवढ्या रिकाम्या होतात. मग संध्याकाळी तेच लोक स्टिअरिंगवर बसतात आणि मागच्या सीटवरच्या बायका देवाचं नाव घेत बसतात.

कवडूही एकेकाळी त्याच पंगतीतला. तेव्हा तो संत्र्याच्या गाड्या चालवायचा. एकदा पिऊन भरली गाडी नाल्यात उतरवली. संत्री वाहून गेली, कवडू राहिला. केसरबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, शिवी दिली नाही की रडली नाही. सरळ जामसावळीला नेऊन हनुमानापुढं उभं केलं आणि म्हणाली, "मले काही नोका सांगू. काय सांगायचं ते ह्याले सांगा." तिथं त्यानं दारू सोडल्याचा शब्द दिला. गाव वाट पाहत बसलं, आज पिईल, उद्या पिईल. पोळा गेला, दिवाळी गेली, गावाची वाट पाहून पाहून मान दुखली, पण कवडू काही प्याला नाही. मग एका शेतकऱ्यानं भीत भीत आपली लेक त्याच्या गाडीत बसवून सासरी धाडली. मग दुसऱ्यानं. हळूहळू असं झालं की नवरीची गाडी म्हणजे कवडू.

स्मिताबाईंना तर दुसरा कुणी चालणारच नव्हता. त्यांचा धाकटा भाऊ वरातीच्या जीपच्या अपघातात गेला. ड्रायव्हर प्यायलेला होता. तेव्हापासून कुठल्याही गाडीत बसण्याआधी त्या ड्रायव्हरच्या तोंडाजवळ जाऊन वास घेत. लोक हसत, सर ओशाळे होत, बाई ढिम्म. फक्त कवडूचा वास त्यांनी कधी घेतला नाही. ह्या एका गोष्टीचा त्याला जेवढा अभिमान होता, तेवढा स्वतःच्या गाडीचाही नव्हता.

लग्न मे महिन्यातलं, सौंसरच्या उन्हातलं. दुपार टळली तरी गाडीच्या टपावर पापड भाजून निघाले असते. नवरदेव पांढुर्ण्याचा, नोकरी नागपूरची, त्यामुळे त्याचे मित्रही नागपूरचे. त्यातला योगेश बर्फाची पेटी घेऊन टँकरमागं आला. पोराचा हेतू चांगला होता, हे आधी सांगून टाकतो. ड्रायव्हर लोकांनी खरी पिऊ नये म्हणून त्यानं स्वतःच्या डोक्यानं पेटीभर बिनदारूची बिअर आणली होती.

"काकाजी, घ्या. गाडी चालवतानाही चालते ही. दारूच नाही यात."

कवडूनं बिअरचा डबा फिरवून पाहिला, हुंगला. "वास त तोच हाये."

"वास तोच, आत काही नाही. वाचा ना."

कवडूनं वाचलं. शून्य आणि पुढं पुन्हा शून्य. त्यानं मनात विचार केला, आपण शब्द दिला तो दारूचा. पाण्याला कुणी बिअर म्हणत असेल तर त्यात आपला काय दोष? घसा तर कोरडा पडला होता. त्यानं घोट घेतला. थंडगार, कडू. खरं सांगायचं तर त्याला ती आवडली.

तेवढ्यात हाक आली, "कवडूभाऊ, गाडी दारात लावा, नवरी निघाली." कवडू गाडीत बसला, उजवा हात स्टिअरिंगवर, डाव्या हातात डबा, काचा खाली, आणि अख्ख्या वऱ्हाडासमोरून गाडी फिरवून त्यानं सभागृहाच्या दारात आणली. ताडाच्या झाडाखाली बसून दूध प्यायलं तरी लोक ताडीच म्हणतात, हे कवडूला कुणी सांगायला नको होतं. पण ज्याचं मन साफ असतं, त्याला अशा म्हणी वेळेवर कधी आठवत नाहीत.

दारात स्मिताबाई ताट घेऊन उभ्या होत्या. तिकडची रीत अशी की नवरीच्या आईनं गाडीला कुंकू लावायचं, चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि ड्रायव्हरच्या कपाळावर बोट टेकवायचं. त्या टिळ्याशिवाय गाडी हलत नाही. बाईंनी गाडीला कुंकू लावलं, लिंबू ठेवलं, खिडकीशी आल्या आणि थांबल्या.

"कवडूभाऊ, हे काय हाये तुमच्या हाती?"

"बिअर हाये, वहिनी," कवडू सवयीनं खरं बोलून बसला. "पन बिनदारूची."

पहिले दोन शब्द पार मंडपाच्या टोकाला पोहोचले. शेवटचे दोन कुणी ऐकलेच नाहीत. "कवडू पिऊन राह्यला," आचाऱ्यानं बँडवाल्याला सांगितलं, आणि बँड बंद पडला.

योगेश धावत आला, सगळं माझ्यामुळे झालं म्हणाला. सरांची पुतणी हिमानी छिंदवाड्याला वकिली करते, तिला पुढं ढकललं. तिनं डबा पाहिला आणि म्हणाली, "काकू, कायदा रक्तातली दारू पाहते. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमच्या वर गेली का गुन्हा. काही डब्यांत नावापुरती असते, म्हणून वाचून घ्यावं लागते. ह्याच्यावर शून्य लिहिलेलं हाये. हे पिऊन गाडी चालवणं गुन्हा नाही. हां, एका हातानं पीत पीत गाडी हाकलली, तर निष्काळजीपणाचा चालान फाडू शकते पोलीस. पन तो चहासाठीबी फाडू शकते."

सरांचा जुना विद्यार्थी सुरेश पोलिसात. तो जेवायला आला होता, पण त्याच्या जीपमध्ये फुंकायची मशीन होती. कवडूनं सगळ्यांदेखत मशीनमध्ये फुंकलं. सुरेशनं आकडा आधी सरांना दाखवला, मग उंच धरून सगळ्यांना. शून्य.

"चला, झालं," सर म्हणाले. "सायली, बस बेटा."

पण स्मिताबाईंचं कुंकवाचं बोट होतं तिथंच होतं. सायली शालू सावरत उन्हात उभी, आईकडं पाहत. आणि कवडूनं ते थांबलेलं बोट पाहिलं. मशीननं त्याला सोडलं होतं, वकिलीणबाईनं सोडलं होतं. ज्या एका माणसानं त्याचा वास कधी घेतला नव्हता, त्या माणसाच्या डोळ्यांत भीती उभी होती.  हे कमावलेलं नाव गेलं तर मागं उरतो तो नाल्यात गाडी उतरवणारा कवडू.

तो खाली उतरला. डबा बोनेटवर ठेवला आणि गाडीची चाबी काढून बाईंच्या ताटात ठेवली.

"वहिनी, मशीनचं खरं हाये आन् वकीलबाईचंबी खरं हाये. कायद्यात माही चूक नाही. पन नवरीच्या गाडीच्या ड्रायव्हरले कायद्यापुरतं साफ राहून चालत नाही. पाह्यनाऱ्याचं काळीज धडधडलं का तो चुकला. आज मी चुकलो. मी जीव गेला तरी प्यालो नसतो, हे तुमाले ठाऊक हाये. तरी तुमच्या मनात येवढासाबी काटा असन त चाबी दुसऱ्याले द्या. मले वाईट वाटन, पन राग नाही येनार."

 स्मिताबाईंनी चाबीकडं पाहिलं, मग कवडूकडं. मग ताट सायलीच्या हातात दिलं, बोनेटवरचा डबा उचलला, मान मागं केली आणि ओठाला न लावता वरून धार धरून उरलेली बिअर गटागटा पिऊन टाकली. मास्तरांची बायको, हळदीकुंकवाला पहिला मान असलेली, नवीकोरी पैठणी नेसून, अख्ख्या वऱ्हाडापुढं. सर "अगं, अगं" करत राहिले. थोडी पैठणीवरही सांडली.

बाईंनी पदरानं तोंड पुसलं, चेहरा वाकडा केला. "कडू जहर हाये," त्या म्हणाल्या. "हे काहून पेता रे तुमी लोक?" मग वऱ्हाडाकडं वळल्या. "आता सौंसरभर जाऊन सांगा, गायधने मॅडमनंबी पेली म्हनून. कवडूभाऊचं नाव जात असन, त माहंबी जाऊ द्या संगं."

कुणी गेलं नाही सांगायला. आचारी कढईत झारा फिरवू लागला, तीत काही नसताना.

बाईंनी चाबी कवडूच्या हातात दिली. मग कुंकवात पुन्हा बोट बुडवून त्याच्या कपाळावर टेकवलं, चांगलं दाबून. "भाऊ," त्या हळू आवाजात म्हणाल्या, आणि ती हाक नेहमीची नव्हती, "माही पोरगी नीट पोचवा."

कवडूनं गाडी सुरू केली. चाकाखाली लिंबू फुटलं, बँड वाजू लागला. सौंसर ते पांढुर्णा त्यानं मान ताठ ठेवून गाडी चालवली. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता, कुंकू नाकावर ओघळत होतं, आणि मागून सायली दोनदा म्हणाली, "काका, रुमाल देऊ?" त्यानं नाही म्हटलं. टिळा पुसला गेला असता.