विद्यार्थिकेंद्री वीस मिनिटं

बावीस वर्षं अर्थशास्त्र शिकवून झाल्यावर मला शिकवायला शिकावं लागलं, आणि त्याला कारण झाली माझी बढती. सहयोगी प्राध्यापक व्हायचं तर फाइलमध्ये एका अध्यापक प्रशिक्षण वर्गाचं प्रमाणपत्र लागतं. हे मला ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. पण 'पुढच्या वर्षी बघू' म्हणत मी सात वर्षं काढली, आणि तेवढ्यात माझ्या मागून आलेली दोन माणसं माझ्या पुढे निघून गेली. त्यातला एक तर स्टाफरूममध्ये माझ्याच खुर्चीवर बसतो. या खेपेला फाइल महिनाअखेरीस द्यायची होती. चुकली तर पुन्हा वर्षभर हात चोळत बसा.

वर्ग ऑनलाइन होता. दोन आठवडे, रोज सहा तास, कॅमेरा चालू. खांदा कॉलनीतल्या आमच्या घरात वाळत घातलेले कपडे मागे दिसणार नाहीत अशी एकच जागा आहे, ती स्वयंपाकघरात, फ्रीजला लागून. तिथे मी इस्त्रीचा शर्ट आणि खाली पायजमा अशा वेषात बसलो. पहिल्याच दिवशी एका तज्ज्ञांनी, विद्यार्थ्यांसमोर दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ वाचून दाखवू नये, हे आम्हाला दोन तास वाचून दाखवलं. बायको चटणी वाटत होती. तिने मिक्सर बंद केला.

"हे तुम्हाला शिकवायला शिकवतायत? मग इतकी वर्षं कॉलेजात काय करत होतात?"

"हळू बोल. माइक बंद आहे का बघू दे आधी," मी म्हणालो. माइक बंद नव्हता. "सरांना घरूनही अभिप्राय मिळतोय, छान," असं वर्गाच्या संयोजक बाई म्हणाल्या, आणि राज्यभरातले चाळीस प्राध्यापक दोन तासांत पहिल्यांदा जागे झाले.

दुसऱ्या आठवड्यात कळलं की नुसतं बसून प्रमाणपत्र मिळत नाही. आपल्या खऱ्या वर्गातल्या खऱ्या तासाचं वीस मिनिटांचं चित्रीकरण पाठवायचं, आणि ते 'विद्यार्थिकेंद्री' हवं. गुण देण्याचा तक्ता सोबत आला होता. शिक्षकाने एका जागी उभं राहू नये. विद्यार्थ्यांनी किमान पाच प्रश्न विचारावेत. प्रत्येक प्रश्नाचं कौतुक व्हावं. 'ब' श्रेणीच्या खाली गेलात तर प्रमाणपत्र नाही.

आता, माझ्या तासाला विद्यार्थी प्रश्न विचारतच नाहीत असं कोणी म्हणू नये. 'सर, हजेरी घेतली का?' हा एक. 'हे परीक्षेला आहे का?' हा दुसरा. उरलेले तीन कुठून आणायचे, हा माझ्यापुढचा प्रश्न होता.

शेवटी पाचही मीच लिहून काढले. प्रथम वर्षाचा वर्ग निवडला, धडा निवडला भूमी या उत्पादन-घटकाच्या वैशिष्ट्यांचा, कारण तो मला झोपेतही येतो. पाच चिठ्ठ्या पाच जणांना वाटल्या, कोणी कधी उठायचं ते ठरवलं आणि तालीम घेतली. प्रवेश झाल्यापासून ज्यांचं तोंड पाहिलं नव्हतं अशी मुलंही तालमीला आली. अर्थशास्त्राबद्दल एवढा उत्साह मी आयुष्यात पाहिला नव्हता.

चित्रीकरणाला आमचे क्रीडाशिक्षक तयार झाले. त्यांनी आजवर फक्त कबड्डीचे सामने टिपलेले. त्यांचा नियम एकच, जिथे हालचाल तिथे कॅमेरा.

प्रत्यक्ष तासाला मी डस्टर टेबलावर ठेवायच्या आतच पहिला प्रश्न आला. त्याच्या पाठोपाठ चौथा. तिसऱ्या चिठ्ठीवर मी गडबडीत उत्तरही लिहून ठेवलं होतं. त्या पठ्ठ्याने प्रश्न विचारला आणि श्वास न घेता उत्तरही देऊन टाकलं. मी बाकांमधून येरझाऱ्या घालत प्रत्येकाला "वा, फार सुरेख प्रश्न!" म्हणत होतो. एकाने पाणी पिऊन येऊ का म्हणून विचारलं, त्यालाही मी सुरेख प्रश्न म्हणालो.

पाच प्रश्न संपले. मी घड्याळ पाहिलं. तीन मिनिटं उरली होती आणि 'समारोप' व्हायचा होता. मी नेहमीचं वाक्य नेहमीसारखा हात पसरून म्हटलं, "तर भूमी ही निसर्गाची मोफत देणगी आहे."

तेव्हा सहावा हात वर झाला.

ती मुलगी तिसऱ्या बाकावर बसायची. उरणच्या बाजूने, द्रोणागिरीच्या पलीकडच्या गावातून रोज दोन बस बदलून यायची. सहा महिन्यांत तिने हजेरीला 'येस सर' सोडून काही म्हटलं नव्हतं. तिच्याकडे चिठ्ठी नव्हती.

"सर, मोफत कशी?" ती उभी राहून म्हणाली. "आमच्या आज्यानी नि गाववाल्यांनी खाडीला बांध घातला. मीठ धुवून जायला तीन पावसाळे गेले, तवा कुठं भात आला. निसर्गानी तर तिथं निसता चिखल दिलेला. मग ती मोफत नाय ना, सर?"

मागच्या बाकावरची मुलंही तिच्याकडे बघायला लागली. मी पुन्हा घड्याळ पाहिलं.

"हे आपल्या यादीत नाही," मी म्हणालो. "बस खाली."

ती बसली. मी समारोप केला. वीस मिनिटं अगदी काट्यावर पूर्ण झाली, आणि खरं सांगतो, त्या क्षणी मी स्वतःवर भलताच खूश होतो.

संध्याकाळी बायकोला शेजारी बसवून मी ते चित्रीकरण लॅपटॉपवर लावलं. चिठ्ठ्यांच्या मुलांना ती पोट धरून हसली. मीही हसलो. मग ती मुलगी आली. क्रीडाशिक्षकांनी आपल्या नियमाप्रमाणे कॅमेरा थेट तिच्या चेहऱ्यावर नेला होता. पडद्यावर फक्त ती होती आणि मी कुठेच नव्हतो. बोलताना तिचा चेहरा असा उजळला होता की ती किती दिवस हे मनात धरून असेल असं मला वाटलं. मग पडद्याबाहेरून एक आवाज आला, 'हे आपल्या यादीत नाही. बस खाली.' तिने मान हलवली, जणू चूक तिचीच होती.

"मग?" बायकोने विचारलं. "काय आहे त्याचं उत्तर?"

मला येत नव्हतं. बावीस वर्षं मी ते वाक्य हात पसरून म्हणत आलो, आणि खाडीच्या इतक्या जवळ राहून मला तो बांध एकदाही आठवला नव्हता. मला माझी लाज वाटली. पण लाज वाटत असतानाच दुसरीकडे डोकं गुणांचा तक्ता वाचत होतं. 'विद्यार्थ्याचा प्रश्न दडपल्यास शून्य', असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं.

मी क्रीडाशिक्षकांना फोन लावला.

"एवढंच ना? काढून टाकू," ते म्हणाले. "मी तर एका सामन्यातनं आख्खा पंच काढलाय."

त्यांनी तो तुकडा काढला. प्रशिक्षण वर्गात मला 'अ' श्रेणी मिळाली, आणि खाली संयोजक बाईंचा शेरा होता, 'विद्यार्थी निर्भयपणे प्रश्न विचारतील असे उत्तम वातावरण.' बायकोने तो मोठ्याने वाचला. मग पुन्हा एकदा मोठ्याने वाचला. फाइल वेळेत गेली.

त्यानंतरच्या आठवड्यात त्याच धड्याची उजळणी होती. मधल्या दिवसांत मी तीन-चार पुस्तकं चाळली होती. सगळी आपली मोफत देणगीवरच अडून बसलेली. तरी मी ठरवून गेलो होतो की वर्गात सांगायचं, पुस्तक इथे कमी पडतं, हिचं बरोबर आहे. तिला उभं केलं आणि म्हटलं, "तो तुझा प्रश्न परत विचार बघू."

तिने दाराकडे पाहिलं, मग खिडकीकडे. "आज पण शूटिंग हाय काय, सर?"

"नाही. मलाच ऐकायचाय."

"ऱ्हाऊ दे, सर," ती समजूतदारपणे म्हणाली. "मी पेपरात मोफतच लिवनार. आमी बारावीला नापास होऊन गेल्या साली वर्ष घालवलंय घरी, आता मार्क कशाला घालवू?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता.

"बरोबर आहे," मी म्हणालो, आणि भूमीचं दुसरं वैशिष्ट्य सांगायला घेतलं.