बापूमामांचे हात आणि माझी दोन खोकी

ऐकायचंय? मग आधी कबूल करा, ऐकून झाल्यावर माझ्याशी बोलणं टाकणार नाही. असा घोळ घातलाय मी, की हसावं का तोंड लपवावं, अजून कळत नाही!

माझा कोल्हापुरात साउंडचा धंदा. बेससाठी दोन अठराइंची स्पीकर. वाजले की थेट छातीत धडकतात. त्यांच्या कॉइल जळल्या, म्हणून पेठ वडगावच्या बापूमामांकडून नव्या भरून आणल्या. मामा सत्तरीचे, जन्म गेला स्पीकर दुरुस्तीत. मी घरी येऊन स्पीकर खोक्यांत बसवले, वायरी जोडल्या आणि कोडोलीला एका हळदीला नेले.

चालू केलं. बेसच नाही! एवढी दोन धुडं, आणि आवाज मोबाइलचा!

नवरीचे वडील आले. "पावणं, धडधड कुठं हाय?"

"आत्ता येतीया की!" मी आवाज वाढवला. धडधड आली ती फक्त माझ्या छातीत. मग सगळ्यांदेखत मामांना फोन लावला.

"मामा, काय भरलंय ह्यात? पार अब्रू गेली माझी!"

"आरं, एकेक खोकं येगळं वाजवून बघ की."

"मला शिकवू नगासा! वय झालं तुमचं, हात थरथरत्यात. बसा आता घरात!"

एवढ्यावर थांबलो असतो तर माणूस ठरलो असतो. पण नाही! साउंडवाल्यांच्या ग्रुपवर ठोकून दिलं, 'मामांचे हात गेलेत, काम देऊ नका.' धडाधड अंगठे आले. मला कोण आनंद!

दोन महिन्यांनी एका बारशाला गाडी छोटी मिळाली, म्हणून एकच खोकं नेलं. काय दणका, महाराजा! पाळण्यातलं पोर किंचाळायला लागलं. घरी येऊन दुसरं एकटं वाजवलं. तेही दणदणीत! दोन्ही एकत्र लावली, की मुकी.

दोन्ही खोकी उघडली. एकात लाल आणि काळी वायर उलटी. जोडली कुणी? मी! एक स्पीकर हवा पुढं ढकलायचा, तेव्हाच दुसरा मागं ओढायचा. दोघं एकमेकांचा बेस खात होते, आणि मी मामांची भाकरी खाल्ली होती.

तसाच वडगावला पळालो. दुकानाला कुलूप. मामा घरी, दारालगतच्या सोप्यात, स्वतःच्या हातांकडे बघत बसलेले.

"हत्यारं इकली बघ," ते म्हणाले. "तू म्हनलास, मंग मी बी हाताकडं बघाय लागलो. बघून बघून खरंच थरथराय लागलं."

मी पाय धरले. "मामा, वायर मीच उलटी जोडलेली. तुमचं काम चोख हुतं."

मामांनी मला उठवलं आणि म्हणाले, "वायर जोडाय कुणी शिकवलं रं तुला?"

हे मघाशी मुद्दाम गाळलं होतं. लाज वाटली, दुसरं काय!

"तुम्हीच, मामा."

"मंग चूक माझीच की!" आणि मामा हसले.

मामी माझ्यासाठी चहा घेऊन दारापर्यंत आल्या होत्या. त्या कप घेऊन परत आत गेल्या.