घरची गोल वस्तू

आठवीला वर्तुळाचा परीघ शिकवताना मी एक गृहपाठ नेहमी देत असे. गोल वस्तूभोवती दोरा गुंडाळायचा, तो मोजायचा आणि आलेल्या लांबीला व्यासाने भागायचं. वाटी असो की परात, उत्तर तीनच्या किंचित पुढे येतं. मोजमाप दोनदा करायचं, हा माझा नियम.

त्या वर्षी एका मुलीने बांगडी मोजून आणली होती. मी ती सगळ्या वर्गाला उंच धरून दाखवली. "एवढीशीच सापडली? उद्या घरची सगळ्यात मोठी गोल वस्तू मोजून आण."

"सर, हेडसरांचं पोट चालंल का?" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले, मीही हसलो. ती मान खाली घालून बसली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिच्या बाकावरच्या मैत्रिणीला विचारलं.

"सर, ती हिरीवर गेलीय की. दोरी घेऊन."

"विहिरीवर? कशाला?"

"तुमीच म्हणला न्हाय का, घरची मोठी वस्तू?"

मी सोलापुरात शुक्रवार पेठेत वाढलो. आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि मोरी. मंद्रूपकडच्या या मुलांच्या घरात रान येतं, जनावरं येतात, विहीरही येते. घरचं रान, घरची विहीर. इतकी वर्षं त्या शाळेत शिकवूनही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मोटरसायकल बांधावर टाकून मी तिच्या विहिरीकडे पळालो. विहिरीला कठडा नव्हता. ती पाठमोरी, उकिडवी, अगदी कडेला बसली होती. दोरी मातीला चिकटवत, दर हातभर अंतरावर दगड ठेवत इंचाइंचाने पुढे सरकत होती. हाक मारली तर दचकेल, म्हणून मी गप्प राहिलो. असं मी पुढे कित्येक दिवस स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे माझ्या तोंडून आवाजच फुटत नव्हता. जवळ जाऊन तिला धरावं, तर त्या कडेपर्यंत जायची माझी हिंमत नव्हती. वीस पावलांवर मी नुसता उभा राहिलो. तिच्या पायाखालून मातीचं एक ढेकूळ सुटलं. ते पाण्यात पडल्याचा आवाज बराच वेळाने आला.

तेवढ्यात तिचे वडील पिकातून बाहेर आले. ओरडले नाहीत. हातातलं खुरपं त्यांनी हळूच खाली ठेवलं.

"पोरी, दोरी सोड. हात टेकून माघारी ये. हळू."

ती आली. त्यांनी तिचा दंड इतका घट्ट धरला की ती कळवळली. "कुणी सांगितलं गं तुला हितं मरायला?"

तिने माझ्याकडे पाहिलं.

आणि मी म्हणालो, "मी घरातली वस्तू म्हणालो होतो. ताट, तवा, असलं काहीतरी."

"घरची" म्हणालो होतो. अख्ख्या वर्गाने ऐकलं होतं, तिनेही.

"बघ! सर घरातली म्हणलेत. ध्यान कुटं असतंय तुजं?"

"चुकलं अप्पा," ती म्हणाली.

"सर, तुमी एवढ्या लांब पळत आला, लई उपकार झाले. च्या घेऊन जावा."

मी चहा घेतला. पोळत असतानाच एका दमात संपवला. त्यांना वाटलं, मी पळून दमलोय.

दुसऱ्या दिवशी तिने वही आणली. 'व्यास २१ फूट (अप्पांना विचारून). परीघ पहिल्यांदा ६७ फूट. दुसऱ्यांदा मोजायचा राहिला.'

म्हणजे मी पोचायच्या आधी तिचा एक फेरा पुरा झाला होता. मी पाहिला तो दुसरा. मी सांगितलेला.

"सर, सहासष्ट यायला पायजे होते ना? एक फूट कुटं चुकला?"

मला ते ठाऊक होतं. वीस पावलांवर उभा असताना मी ते पाहिलं होतं. पलीकडची कड ढासळून तिथे खळगा पडला होता आणि तिची दोरी त्या खळग्याच्या काठाकाठाने गेली होती. हे बोललो असतो, तर बाकीचंही बोलावं लागलं असतं.

"दोरी सैल पडली असेल," मी म्हणालो.

"व्हय सर," ती म्हणाली. वही जवळ ओढून तिने उत्तराखाली सुवाच्य अक्षरात लिहिलं : माझी दोरी सैल पडली.