ज्यानं रस्ता केला त्याला विचारा

मी सातवी नापास, बायको नर्स. हे लग्न जमलं कसं, असं लोक अजून विचारतात. ती पण विचारते.

आखातातल्या एका वाळवंटातल्या शहरात मी बावीस वर्षं मजुरांची बस चालवली. ती तिथल्या दवाखान्यात होती. कुणा गवंड्याला ताप आला की मी त्याला बसमधनं घेऊन जायचो. गवंड्यांना एवढे ताप येत नव्हते, हे तिला लग्नानंतर कळलं.

२०२० च्या सुरवातीला तिला आयर्लंडात, ट्रलीच्या हॉस्पिटलात नोकरी लागली. मी आणि पोरगी सामानाबरोबर आलो. ट्रलीत भाडं परवडेना, म्हणून बाहेर खेड्यात घर घेतलं. शेजारची म्हातारी कुंपणावरनं म्हणाली, "किती वर्षांनी गावात माणसं वाढली बघा!" किती वाढली? तीन. मी ज्या शहरातनं आलो, तिथं माझी बस सिग्नलला थांबली तरी तेवढ्यात तीनशे वाढायची.

खोटं नाही सांगत. मी तिथं गेलो तेव्हा मजुरांचा कॅम्प शहराच्या बाहेर, दोन्ही बाजूला वाळू. वीस मिनिटांत साइटवर. मग माणसं यायला लागली. एका बसच्या तीस बस झाल्या, दोन पदरी रस्ता बारा पदरी झाला, आणि वीस मिनिटांचे दोन तास झाले. शहर चालत चालत कॅम्पपाशी आलं आणि आम्हालाच म्हणालं, सरका. मग कॅम्प अजून आत वाळवंटात. आम्हीच शहर बांधायचो आणि तेच आम्हाला ढकलायचं.

रस्ते तर रोज बदलायचे. एकदा सुट्टीवरनं परत आलो, पहाटे गाडी काढली, बघतो तर समोर अख्खा नवा पूल. मी ऐटीत चढलो आणि चाळीस गवंडी घेऊन थेट विमानतळावर उतरलो. मागनं एकजण ओरडला, "उस्ताद, घरी पाठवताय होय? बॅग तरी भरू द्यायची!" सगळी बस हसली. मग दुसरा उठून पुढं आला. म्हणाला, "मागं वळवा, तिसऱ्या खांबापाशी उजवीकडं. तो खांब मीच ओतलाय."

त्या दिवसापासनं मी पाटी वाचणं सोडलं. तशी पण ती अरबी-इंग्रजी पाटी वाचता कुठं येत होती? अडलं की मान मागं वळवायची आणि विचारायचं. रस्ता कुठं जातो हे तो करणाऱ्यालाच ठाऊक.

आता इथं. तिकडचं लायसन इथं चालत नव्हतं. बावीस वर्षांचा उस्ताद, आणि गाडीला शिकाऊचं एल लावून बसलो. कम्प्युटरवरची परीक्षा बायकोनं स्वयंपाकघरात घोकून घेतली. चुकलो की लाटणं दाखवायची. ती पास झालो. मग लॉकडाउन आला आणि टेस्टच्या तारखा पुढं पुढं जायला लागल्या. बायकोला गाडी येत नव्हती, ती सोबतच्या एका नर्सच्या गाडीतनं ड्यूटीला जायची. पुढच्या वर्षी त्या बाईनं सांगितलं, "महिनाअखेर मी दुसऱ्या नोकरीवर शॅननला चालले." सकाळच्या शिफ्टला पोचवेल अशी बस आमच्या खेड्यातनं नव्हतीच. बायको म्हणाली, "अहो, लायसन नाही झालं तर मला ट्रलीत एकटीनं खोली घ्यावी लागेल." पोरगी इंग्रजीतच म्हणाली, "बाबा, नो प्रेशर."

पहिली टेस्ट. थंडी, मास्क, करोनामुळं काचा खाली, पाऊस आत. शेजारी टेस्ट घेणारे साहेब. वळायच्या आधी दिवा द्यायला गेलो तर वायपर फिरले. आमची जुनी गाडी जपानातनं आलेली, तिच्या दांड्या तिकडच्या बसच्या उलट्या बाजूला. पुढं मोठं सर्कल आलं आणि मी गडबडलो. काय केलं असेन? मान पार मागं वळवली आणि रिकाम्या सीटला विचारलं, "कुठनं रे?"

साहेबांनी पण मागं बघितलं. कोणी नव्हतं. नापास.

घरी बायको हसली नाही. त्याचंच वाईट वाटलं.

मग मला शिकवणारा म्हातारा, इथल्या केरी जिल्ह्यातलाच माणूस, तो रोज न्यायला लागला. ज्या रस्त्याच्या मधोमध गवत उगवतं तसल्या रस्त्यावर. मी बारा पदरी माणूस. ट्रॅक्टर समोर आला की देव आठवायचा. ट्रॅक्टरवाला स्टिअरिंगवरनं एक बोट उचलायचा. मला वाटायचं दम देतोय. म्हातारा म्हणाला, "राम राम करतोय तो." मग मी पण उचलायला लागलो. एकदा दोन्ही हात उचलले, तेव्हा म्हातारा किंचाळला.

कुणीतरी तारीख सोडली म्हणून दुसरी टेस्ट मिळाली, ती महिना संपायच्या आदल्या आठवड्यात. यावेळी वायपर गप्प, मान सरळ. साहेब म्हणाले, पुढं डावीकडं. वळलो तर रस्ता खणलेला, शंकूच शंकू, आणि बाण असा लावलेला की तो माणसाला सरळ खड्ड्यात नेईल. साहेब बाणाकडं बघत बसले. मी गाडी थांबवली, हँडब्रेक लावला, आरसे बघितले. कडेला फावडं घेतलेला एकजण होता. मी काचेतनं विचारलं, "भाऊ, गाडी कुठनं घालू?"

त्यानं फावडं खाली ठेवलं, दोन शंकू उचलले आणि हातानं रस्ता दाखवला. मी हळू हळू गेलो. जाताना एक बोट उचललं. त्यानं पण उचललं.

शेवटी साहेब कागद भरत म्हणाले, "तो खोदकामवाला ओळखीचा आहे का?"

"नाही साहेब. पण रस्ता त्याच्या ओळखीचा आहे."

साहेब हसले. "ग्रँड," म्हणाले, म्हणजे इकडचं झकास, आणि पासचा कागद हातात दिला.

महिना संपला. पहिल्या सकाळी बायकोला गाडीत बसवलं. ती मागच्या सीटवर बसली, मुद्दाम. म्हटलं, "पुढं ये की."

"नको. विचारायला कोणीतरी मागं असू दे," ती म्हणाली.

त्या दिवशी वाटेत भेटलेल्या प्रत्येक ट्रॅक्टरला, प्रत्येक गाडीला मी बोट उचललं. दोन गायींना पण. आणि शिफ्ट सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी उस्तादानं हॉस्पिटलच्या दारात गाडी लावली. विमानतळावर नाही.