लिंब उचलणारे मास्तर

उस्मानाबादकडच्या सगळ्या कॅथलिक मिशन शाळा लुकास मास्तर बघायचे, आणि त्यांचा राग साऱ्या जिल्ह्याला ठाऊक होता. निजामाचं राज्य गेल्यावर त्यांनी ईट गावात लिंबाखाली शाळा भरवली, तर एकही पोरगी येईना. मास्तर कडाडले, "पोरी पाठवा, नाहीतर शाळाच उचलून नेतो!"

"लिंबासकट का?" शेतावर निघालेल्या कस्तुराबाईनं विचारलं. सारं गाव हसलं.

बऱ्याच वर्षांनी, नोकरीच्या शेवटच्या वर्षी, मास्तर ईटला बैलगाडीतून उतरले आणि बघतच राहिले. पोरीच पोरी! सावलीत मावेनात म्हणून उन्हातसुद्धा बसलेल्या.

नातीला सोडायला आलेली कस्तुराबाईच कडाडली, "बघताय काय मास्तर? लिंब उचलून नेणार होता न्हवं? आता दुसरा आणा की उचलून!"